रविवारी, उपासनेनंतर

आमच्या घरात सकाळ शास्त्रवाचनानं सुरू व्हायची. चहा, पाणी, अंघोळी, सगळं त्याच्यानंतर. ही शिस्त आजोबांनी घालून दिली असं मोठे काका सांगायचे. मला आजोबा आठवत नाहीत, त्यांनी बांधलेलं घर तेवढं आठवतं. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरं पाच-सहाच होती, त्यातलं आमचं एक. बैठं, कौलारू, आडवं पसरलेलं. मधोमध एक भिंत घालून त्याचे दोन भाग केले होते. एका भागात काका-काकू, दुसऱ्यात आई, बाबा आणि मी. अंगण एकच, नळ एकच. ती मधली भिंतही छतापर्यंत गेलेली नव्हती. माणसाच्या डोक्याच्या थोडी वर जाऊन थांबलेली, आणि तिथून कौलांपर्यंत नुसती मोकळी जागा. काकूंनी फोडणी टाकली की ठसका आम्हाला लागायचा.

काका एस.टी.त ड्रायव्हर होते. पन्हाळ्याच्या घाटात त्यांची उमेदीची वर्षं गेली. इंजिनाच्या वर आवाज काढून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे ते शास्त्रही तसंच वाचायचे, मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जावं असं. त्यांना मूल नव्हतं. वाचायला मला त्यांनीच शिकवलं, अंकलिपीवर नाही, बायबलवर. जोडाक्षर अडलं की ते बोट ठेवून थांबायचे आणि म्हणायचे, घाई न्हाय, गाडी सुटत न्हाय.

आमच्या मंडळीकडून, म्हणजे चर्चकडून, दर नाताळात वर्षभराचा वाचनक्रम छापून यायचा, कुठल्या दिवशी कुठला भाग वाचायचा त्याचा. तो काकांच्या दाराआड चिकटवलेला असायचा. सकाळी आम्ही सगळे त्यांच्या भागात जमायचो. काका वाचायचे, एक गीत व्हायचं, प्रार्थना व्हायची, आणि शेवटी काका प्रत्येकाला विचारायचे, "काय घेतलं आज?" एका वाक्यात सांगायचं. लांबण लावलेली त्यांना चालायची नाही. आई एकदा म्हणाली होती, आज मी गप्प बसायचं घेतलं, आणि दुपारपर्यंत खरंच गप्प बसली होती. बाबा उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर टर्नर होते, मुळातच कमी बोलणारे. ते बहुतेक वेळा दादानं वाचलं तेच घेतलं म्हणून सुटका करून घ्यायचे. दादा म्हणजे काका.

काकांचं स्वतःचं सांगणं मात्र ऐकण्यासारखं असायचं. जिभेला आवर घालण्याचा भाग आला, की ते म्हणायचे, घाटात उतरताना गिअर काढून गाडी सोडली की लई मजा वाटती, डिझेल वाचल्यागत वाटतं, पण वळणावर कळतं की आता गाडी आपली राहिली न्हाय. तोंडाचंही तसंच. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की तो भाग आता कुठंही कानावर पडला तरी मला पन्हाळ्याचं वळण दिसतं.

भांडण झालं ते याच तोंडावरून.

मी तेव्हा कॉलेजात होते, दुसऱ्या वर्षाला. काका मंडळीच्या पंचांपैकी एक होते, बरीच वर्षं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक तरुण वेल्डर राहायचा. त्याचे वडील अचानक गेले आणि तो प्यायला लागला. एका रविवारी तो उपासनेला तसाच आला, मधेच उठून काहीतरी बडबडला आणि त्याला धरून बाहेर न्यावं लागलं. पंचांनी ठरवलं की वर्षभर त्याला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, द्यायचं नाही. आमच्यात ही शिक्षा मोठी. सगळे उठून पुढं जातात आणि एक माणूस बाकावर बसून राहतो. तो बसून राहायचा, पण यायचा. काही महिन्यांत त्यानं पिणं सोडलं. पाळकसाहेबांनी त्याला परत घ्यावं असं सुचवलं. काकांनी नकार दिला. वर्ष म्हणजे वर्ष, म्हणाले, आज सूट दिली तर उद्या कोण ऐकणार?

वार्षिक सभेत हा विषय निघाला. उपासना संपून बायका-पोरं बाहेर उभी होती, दारं उघडी होती. मी खिडकीशी होते. बाबा सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी ते उठले. आधी त्यांनी शांतपणे सांगितलं की पोरगा सुधारलाय, त्याला घ्यावं. काका म्हणाले, नियम आहे. बाबा खाली बसले असते तर तिथंच संपलं असतं. पण ते बसले नाहीत. सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, "दादा, रोज सकाळी उठून दया दया वाचायचं आणि दया करायची वेळ आली की नियम काढायचा. असलं वाचन काय कामाचं?"

काकांचा चेहरा मी खिडकीतून पाहिला. रागावलेला नव्हता. आपली गाडी कुणीतरी मागून ठोकावी आणि खाली उतरून बघावं तर आपलाच भाऊ असावा, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. मग मत घेतलं गेलं. काकांच्या बाजूनंच जास्त हात वर गेले. म्हणजे बाबा बोलले त्याचा त्या वेल्डरला काही उपयोग झाला नाही. पुढच्या रविवारपासून तो यायचाच बंद झाला. आणि खरं सांगायचं, तर आमच्या घरात त्यानंतर त्याचं नावसुद्धा निघालं नाही. ज्याच्यावरून सगळं झालं तो बाजूलाच राहिला.

घरी आल्यावर काका अंगणातच थांबले. बाबा नळावर पाय धूत होते.

"उद्यापासनं तुझं तू वाच," काका म्हणाले, आणि आत गेले.

बाबांना वाटलं दोन दिवसांत निवळेल. आईलाही तसंच वाटलं. निवळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या त्या बाजूला काकांचा आवाज सुरू झाला, नेहमीसारखा मोठा. आम्ही तिघं या बाजूला बसलो होतो, हातात पुस्तक, कुणी सुरुवात करावी ते कळेना. शेवटी बाबांनी वाचलं. हळू आवाजात, अडखळत. वाचनक्रम तोच, त्यामुळे भाग तोच. तिकडे काका वाचताहेत, इकडे बाबा, एकच वचन दोन आवाजांत पुढं-मागं. शेवटी तिकडून ऐकू आलं, "काय घेतलं आज?" आणि काकूंचा बारीक आवाज. बाबांनी आम्हाला ते विचारलं नाही. कधीच विचारलं नाही.

वर्षं गेली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. काकू आणि आई नळावर बोलायच्या, पापड एकत्र लाटायच्या. मी काकांकडे जायची, ते माझी विचारपूस करायचे, पगार किती वगैरे, कारण मी तोवर एका शाळेत शिकवायला लागले होते. फक्त दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत. समोरासमोर आले की काका "सलाम" म्हणायचे, जसं मंडळीत कुणालाही म्हणतात. बाबाही "सलाम" म्हणायचे. त्या एका शब्दात जेवढं परकेपण मावतं तेवढं मी दुसऱ्या कुठल्या शब्दात पाहिलं नाही.

वाचनक्रमानं कुणालाच सोडलं नाही. वर्षातून कितीतरी सकाळी असे भाग यायचे. भावाला किती वेळा क्षमा करायची तो प्रश्न. सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा तो उपदेश. दोन मुलांच्या बापाची गोष्ट, जिच्यात सगळं उधळून धाकटा परत येतो, बाप जेवण घालतो आणि थोरला अंगणात उभा राहतो, आत जेवायला यायला तयार नसतो. बाबा तो भाग वाचून गीताकडे वळायचे. मला तेव्हा वाटायचं, या गोष्टीचा शेवट कुणी लिहिलाच नाही. बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत काढतो आणि गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही, सांगत नाही. बहुतेक ते वाचणाऱ्यावर सोडलेलं असावं. आम्ही मात्र रोज वाचत होतो आणि दोघंही अंगणातच उभे होतो, एकाच अंगणात.

शेजारी एक जैन कुटुंब होतं, कापडाच्या दुकानवाले. त्यांच्यातले वडीलधारे, त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. दर भाद्रपदात त्यांचे उपवास संपले की क्षमावाणीच्या दिवशी ते घरोघर जाऊन हात जोडायचे, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणायचे. पूर्वी ते एकदाच यायचे, काकांच्या दारात, कारण आम्ही सगळे तिथंच सापडायचो. आता दोन दारांत यायला लागले. एका वर्षी काकांकडून होऊन आमच्याकडे आले. बाबांनी त्यांना बसवलं. अण्णांनी हात जोडले, बाबांनीही जोडले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आमच्यात बी असतंय हे."

"व्हय?" अण्णांनी अगदी सरळपणे विचारलं. "तुमच्यात कधी असतंय?"

आईनं चहा आणला म्हणून बरं झालं. आमच्यात त्याला दिवस नाही, रोजच्या प्रार्थनेतच ते आहे, हे उत्तर बाबांना ठाऊक होतं. रोज सकाळी ते आम्ही म्हणतच होतो. पण भिंतीच्या वरून काकांच्या खुर्चीची करकर ऐकू येत असताना ते उत्तर त्यांच्या तोंडून निघालं नाही.

त्याच्याच पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस अंगणात विटांचा ढीग पडला. काकांनी आणवल्या होत्या. गवंडी आला, त्यानं आत जाऊन मधल्या भिंतीवरची मोकळी जागा मापली, हे आईनं पाहिलं. बाबांना तिनं सांगितलं. बाबा म्हणाले, त्याचं घर आहे, त्याला बांधू दे. पण ते जेवले नाहीत त्या दिवशी. गवंडी परत काही आला नाही. विटा तशाच राहिल्या, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ आलं. बाबांनी मात्र मनाशी धरलं, की दादाला आता माझा आवाजही नको आहे. तेव्हापासून ते आणखी हळू वाचायला लागले. आई आणि मी समोर बसूनही आम्हाला नीट ऐकू येत नसे.

मग तो सोमवार आला.

त्या दिवसाचा भाग डोंगरावरच्या उपदेशातला होता. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे, असा त्याचा अर्थ. काका आमच्या थोडे आधी सुरुवात करायचे. त्यांचा आवाज नेहमीसारखा चालला होता आणि बरोबर त्या ठिकाणी येऊन थांबला. आम्ही तिघंही ऐकत होतो. पुढचं वाक्य येईना. बाबांचं पुस्तक मांडीवर उघडं होतं, त्यांचं बोट त्याच ओळीवर. त्यांनीही वाचायला सुरुवात केली नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. थोडाच असेल. मग काका पुढं वाचू लागले, पण पुढच्या वाक्यापासून.

आईनं बाबांकडे पाहिलं. "जा की," ती म्हणाली.

बाबा उठले. दारापर्यंत गेले. चपला पायात सरकवल्या. आणि तिथंच थांबले. मग परत येऊन बसले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा इतका मोकळा झाला होता की मला वाटलं काम झालंच.

"रविवारी जातो," ते म्हणाले. "मंडळीसमोर बोललोय त्याला, मंडळीसमोरच माफी मागतो. उपासना झाली की उठून उभा राहतो."

आईलाही ते पटलं. मलाही पटलं. सगळ्यांसमोर केलेली जखम सगळ्यांसमोरच धुवावी, यात चुकीचं काय होतं? त्या आठवड्यात बाबा वेगळेच होते. कारखान्यातून येताना त्यांनी दोनदा काकूंच्या दारात भाजी ठेवली. काय बोलायचं ते मनाशी जुळवत असावेत, अंघोळ करताना पुटपुटणं ऐकू यायचं.

शुक्रवारी सकाळी काका कळंब्याच्या तळ्याकडे फिरायला गेले होते. निवृत्तीनंतर त्यांचा तो नेम होता. परत येताना ते रस्त्याकडेला बसले आणि उठता येईना. कुणी ओळखीच्यानं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं आणि घरी निरोप पाठवला. बाबा कारखान्यातले कपडे न बदलता तिथं पोचले. मी शाळेतून गेले. काकांची उजवी बाजू गेली होती. तोंड वाकडं झालं होतं. डोळे उघडे होते आणि ते सगळ्यांकडे बघत होते.

बाबांनी त्यांचा डावा हात धरला. रविवारी बोलायचं जे जुळवलं होतं त्यातलं काही त्यांना आठवलं नाही.

"दादा, चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलवले, घशातून आवाज काढला, पुन्हा काढला. शेवटी शब्द आला. "बरं."

बाबा ओक्साबोक्शी रडले. आम्हाला वाटलं झाला समेट. काकूही डोळे पुसत होत्या. मग नर्स इंजेक्शन द्यायला आली आणि म्हणाली, आजोबा, जरा दुखेल हां. काका म्हणाले, "बरं." डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, नाव काय तुमचं? "बरं." हे कोण, भाऊ का? "बरं, बरं." मेंदूच्या ज्या भागात बोलणं असतं तो भाग गेलाय, डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन समजावलं. एखादाच शब्द शिल्लक राहतो, तोच प्रत्येक वेळी येतो. त्यांना किती समजतं? काही समजत असेल, काही नसेल. नक्की सांगता यायचं नाही.

तो शब्द पुढं कायम राहिला. चहा हवा का, बरं. पाय दुखतो का, बरं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पाया पडले, त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, बरं. कौलांवरून मांजर उडी मारून गेलं तरी बरं.

बाबा त्यानंतर रोज सकाळी काकांच्या भागात जाऊ लागले. आईही. लग्नानंतर मी कळंब्याला राहायला गेले होते, पण सुट्टीच्या दिवशी लवकर येऊन मीही जायची. काका खुर्चीत बसलेले असायचे, गुडघ्यावर शाल. बाबा वाचायचे, आता मोठ्यानं, काकांना ऐकू जावं म्हणून, आणि हळूहळू त्यांचा आवाज काकांसारखाच व्हायला लागला. गीत सुरू झालं की मात्र एक नवल घडायचं. काका गायचे. एक शब्द बोलता न येणारा माणूस अख्खं कडवं म्हणायचा, शब्द नीट, चाल नीट. डॉक्टर म्हणाले, असं होतं, गाणं वेगळ्या जागी असतं. बाबांना त्यात आशा दिसायची. एवढे शब्द आत आहेत, तर त्यांच्यात माझ्यासाठीचाही एखादा असेल. गीत संपल्या संपल्या ते काकांकडे वाकून पटकन विचारायचे, दादा, माफ केलंस न्हवं? काकांचा गळा अजून गाण्यात असायचा. ते म्हणायचे, बरं.

एकदा दोन मुलांच्या बापाच्या गोष्टीचा दिवस आला. बाबा या वेळी घाई न करता वाचत गेले. थोरला अंगणात उभा राहतो तिथं त्यांनी मान वर केली तर काकांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. बाबांनी पुस्तक बाजूला ठेवून त्यांना जवळ घेतलं. मी त्या दिवशी तिथं होते. मला वाटलं, याहून स्पष्ट उत्तर काय असणार? पण तेही पक्कं नव्हतं. या आजारात माणसाला रडू आवरत नाही, हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं. दूधवाला नवीन आला तेव्हाही काका रडले होते. बाबांना हे माहीत होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं की बाबा आनंदानं वाकायचे आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ती शंका उमटायची. अशी काही वर्षं गेली. रोज क्षमा मागायची, रोज उत्तर मिळायचं, आणि ते उत्तर धरून ठेवता यायचं नाही.

त्या वर्षांत मी तो वेदीपाशी अर्पण सोडून जाण्याचा भाग पुष्कळदा वाचला. लहानपणापासून तोंडपाठ असलेला. त्यात आधी जा असं स्वच्छ म्हटलंय. अर्पण देऊन मग जा असं नाही, उपासना झाल्यावर उठून उभा राहा असंही नाही. अर्पण, गाणी, प्रवचन, सगळं अर्धवट टाकून जायचं. आमच्या घरानं ते वाक्य आयुष्यभर वाचलं आणि वेळ आली तेव्हा उपासनेनंतरची वेळ ठरवली. बाबांनी वाईट हेतूनं नाही केलं ते, अधिक चांगल्या हेतूनं केलं. थोडं कमी चांगलं करायचं ठरवलं असतं, तर चपला घातलेल्याच होत्या.

काका पावसाळ्याच्या अखेरीला झोपेतच गेले. अंत्यविधीला मंडळी भरून आली होती. पाळकसाहेबांनी बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबा उभे राहिले आणि त्या सभेत आपण काय बोललो होतो, ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि माफी मागितली. समोर काकांची शवपेटी होती. बरेच जण नवीन होते, त्यांना ती सभा माहीतही नव्हती. जुन्यांनी माना हलवल्या.

महिन्याभरानं मी काकूंकडे बसले होते. बाहेर रिपरिप चालली होती आणि आम्ही दोघी काकांचे कपडे वेगळे करत होतो. मी इतक्या वर्षांचं विचारून टाकलं. त्या सोमवारी काका वाचताना का थांबले होते? काकूंना ती सकाळच आठवेना. मी भाग सांगितला, सगळं सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "खोकला लागायचा की गं त्यांना मधी मधी. पाणी प्याले असतील." ज्या थांबण्यावर बाबांनी इतकी वर्षं सगळं उभं केलं होतं ते कदाचित पाणी पिणं होतं.

मग काकू आपणहून म्हणाल्या, "त्या विटा आणल्या होत्या बघ, तुला आठवत असंल."

मला चांगल्याच आठवत होत्या.

"गवंड्यानं माप घेतलं. म्हणाला, उद्या बांधून देतो, तिकडचा आवाज म्हणून येणार न्हाय. हे त्याला म्हणाले, मग नको. मी म्हटलं, अहो, विटा आणल्यात की. तर म्हणाले, तो वाचतोय का न्हाय ते कसं कळंल मग मला?"

मी तशीच उठून बाबांकडे गेले आणि सांगितलं. खोकल्याचं नाही सांगितलं, विटांचं सांगितलं. बाबा ऐकून अंगणात गेले. पावसात उभे राहिले. आई छत्री घेऊन गेली तर तिला हातानंच नको म्हणाले. मला वाटलं होतं त्यांना समाधान वाटेल. वाटलंही असेल, पण आत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आणि मी मुद्दाम हळू वाचत होतो."

दुसऱ्या दिवशी, आठवड्याच्या मधल्या वारी, त्यांनी मला शाळेतून सुट्टी काढायला लावली. पेठ वडगावला जायचंय म्हणाले. तो वेल्डर कधीच गल्ली सोडून तिकडे गेला होता, हे त्यांनी कारखान्यातल्या कुणाकडून काढलं होतं. आम्ही एस.टी.नं गेलो. बाजारापासून थोडं आत त्याचं ग्रिल-गेट बनवायचं दुकान होतं. तो आता चाळिशीकडे झुकला होता, केस मागं गेलेले. त्यानं चष्मा वर करून आमच्याकडे बघितलं, ओळखलं, आणि आतून दोन स्टुलं आणली. काका गेल्याचं त्याला कळलं होतं.

बाबांनी वेळ घालवला नाही. त्यांनी सांगितलं, आम्ही दोघं भाऊ तुझ्यावरून भांडलो आणि तुला विसरलो. त्यानं तुला बाहेर ठेवलं, आणि मी तुझी बाजू घेतली म्हणवतो, पण एकदाही तुझ्या घरी येऊन विचारलं नाही की पोरा, कसा आहेस. दादाच्या वतीनं आणि माझ्या वतीनं माफी मागायला आलोय.

तो खाली बघत होता. दुकानात एक पोरगं गेट घासत होतं, त्याला त्यानं थांबायची खूण केली.

"मी वाट बघितली हो तवा," तो म्हणाला. "कोणतरी येईल म्हणून. लई दिवस बघितली." मग त्यानं चहा मागवला. आता मनात काही नाही म्हणाला. बायको हिंदू आहे, मुलं तिच्या देवाला जातात, मी कुठंच जात नाही, बरं चाललंय. बाबांनी मंडळीत परत ये असं म्हटलं नाही. म्हणायला निघाले होते, पण म्हटलं नाही. निघताना त्यानं बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. तो पुढं कधी मंडळीत आला नाही.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. मी विचारलं, बरं वाटलं का? ते म्हणाले, त्याला माफ करता आलं, दादाला आलं का न्हाय ते मला कधीच कळणार न्हाय. आणि हे काही दुःखानं म्हटल्यासारखं वाटलं नाही, हिशेब लागला नाही हे मान्य करून म्हटल्यासारखं वाटलं.

मी त्या रात्री माहेरीच राहिले. सकाळी आम्ही काकूंच्या भागात बसलो. वाचनक्रमात त्या दिवशी वंशावळ होती. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका, पानभर नुसती नावं. असले भाग लोक चाळून सोडतात. बाबांनी एकही नाव गाळलं नाही. मोठ्यानं, सावकाश, जोडाक्षरांना थांबत थांबत सगळी वाचली. काकूंना मधेच डुलकी लागली. आईनं त्यांच्या अंगावरची सरकलेली शाल नीट केली, आणि बाबा पुढच्या नावाकडे गेले.